बसायला जागा

मी पडद्यामागे. हातात वही,
कानात मिरज जंक्शनची शिट्टी.
प्रॉम्प्टरचा आवाज खुर्च्यांपर्यंत गेला
की तिचं चुकलं.

नाटक ग्रीक, अडीच हजार वर्षांपूर्वीचं.
सुधन मास्तरांनी चर्चच्या क्वायरला घेऊन बसवलं.
राजा बोलणार, गाव गाणार.
पेटी, ढोलकी, टाळ्या,
आणि सतारमेकर गल्लीतून हुसेनसाबनी
"परत आणा हं, गिऱ्हाइकाचा आहे" म्हणत दिलेला तंबोरा.

राजा आंधळा. लेकीच्या खांद्यावर हात.
परक्या गावाच्या देवराईत येतो,
जिथं बसायची मनाई, तिथंच बसतो.
गाव धावून येतं: ऊठ. कोण तू?

राजा झाले शलमोन काका.
मिशन दवाखान्यात तीस वर्षं एक्स-रे काढले,
रिटायर झाल्यावर काचबिंदूनं डोळे गेले.
माझ्या नाईट ड्युटीआधी, कँटीनमागच्या पायरीवर
मी संवाद वाचायचे, ते ओठ हलवायचे.
चहा निवून जायचा.

तालमीत एका ओळीवर अडलो.
परक्या, तुझं कुळ सांग.
"कुळ गाता येत नाही," मास्तर म्हणाले,
"आपल्याकडे कसं विचारतात?"
कुणी बोलेना.
मग आल्टोतल्या सुवार्ताबाई,
ज्या एरवी पेटीच्या सुरालाही दचकतात,
त्या म्हणाल्या, "कुणातले तुम्ही?"

अख्ख्या क्वायरला तो प्रश्न ओळखीचा.
खोली भाड्यानं बघताना. एसटीत डबा उघडताना.
आजोबांनी नाव बदललं, गाव सोडलं, देव बदलला,
हा मात्र नव्या पत्त्यावर
आमच्याआधी येऊन बसलेला.
मास्तरांनी तोच ठेवला, चार सुरांत बांधला.
बासवाले तो इतक्या खालून घेत
की पायाखालची फरशी गार लागायची.

काका एवढंच म्हणाले,
"फिल्मच्या कोपऱ्यात आडनाव मी लिहायचो,
पांढऱ्या शाईनं.
हाडावर नसायचं."
आणि पुढची ओळ विसरले.

प्रयोग फेब्रुवारीत. हॉल अर्धा भरला,
त्यातले निम्मे पेशंटचे नातेवाईक,
फुकट आहे, वर पंखा आहे म्हणून आलेले.
पुढच्या रांगेत आरगचा एक माणूस,
बायकोचं ऑपरेशन सकाळी,
मांडीवर स्टीलचा डबा, पिशवीत द्राक्षं.

एस्तेरनं काकांना आणलं.
प्लायवुडचा दगड सहा पावलांवर.
काका नऊ पावलं चालले, तेही डावीकडे.
हात हवेत.
"पोरी, बसायला जागा आहे का कुठं?"
इथपर्यंत वहीत आहे.

आरगचा माणूस उठला. डबा खाली ठेवला.
आपली लाल प्लास्टिकची खुर्ची उचलून,
पाठीवर वॉर्डाचा नंबर रंगवलेली,
स्टेजच्या तीन पायऱ्या चढून आला.
"बसा की हितं, दादा."

काका बसले.

आता क्वायरनं विचारायचं.
अठरा छात्या भरलेल्या, मास्तरांचा हात वर,
आणि शब्द कुणालाच सुचेना.
साऱ्यांनी पडद्याकडे, माझ्याकडे पाहिलं.
माझं बोट ओळीवर होतं.
मी ती दिली नाही.
इतक्या वर्षांत मुद्दाम केलेली ही एकच चूक.

तंबोरा तेवढा चालू. गिऱ्हाइकाचा.
मग बासवाल्यांकडून, बहुतेक,
बिनशब्दांचं काहीतरी सुरू झालं.
तो माणूस खाली आला
आणि उरलेलं सगळं नाटक
भिंतीला टेकून उभा राहिला.
मधेच त्याला वॉर्डातून बोलावणं आलं.

सकाळी ओटीच्या दाराशी भेटला.
"सिस्टर, मग म्हाताऱ्याचं काय झालं ओ?"
"कुणी पाहिलं नाही," मी म्हटलं.
"राईत गेला, आणि मग नव्हता."

त्यानं दारावरच्या लाल दिव्याकडे पाहिलं.
"म्हंजे आत घेतलं त्येला," म्हणाला,
आणि द्राक्षांची पिशवी
माझ्यापुढं धरली.